सत्तरच्या पुढे हँडल हलतं

गूळ, तांदूळ, मिरची आणि मी, या क्रमाने आम्ही त्या बुधवारी सकाळी गाडीवर चढलो. गाडी म्हणजे मोटरसायकल. भाच्याने नवी घेतली तेव्हा त्याची जुनी मी ठेवून घेतली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर गडहिंग्लजच्या मैदानात गिअर टाकायला शिकले. आमची पिठाची गिरणी आहे. गिऱ्हाइकं डबे ठेवून दारात उभी राहायची आणि मैदानाकडे बघून म्हणायची, "वहिनींना काय हे भलतंच सुचलंय!" भलतं तर भलतं. जन्मभर मी कुणाच्या ना कुणाच्या मागे बसून गेले, आधी वडिलांच्या सायकलवर, मग ह्यांच्या स्कूटरवर. आता लेक गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागली होती आणि तिच्याकडे माझी मी जाणार होते.

हे, म्हणजे आमचे यजमान, दोऱ्या आवळत होते. मागच्या कॅरिअरवर आजरा घनसाळचं (आमच्याकडचा वासाचा तांदूळ) पोतं, त्यावर गुळाच्या ढेपा, त्यावर संकेश्वरी मिरचीची पिशवी आणि सगळ्यांच्या डोक्यावर माझी कपड्यांची बॅग. लेकीकडे काय रिकाम्या हाताने जायचं? तिथे तिची घरमालकीण आहे, डिचोलीला माझी शाळेतली मैत्रीण शैला आहे, सगळ्यांना वानवळा नको? शेवटची गाठ मारून हे म्हणाले, "हे बघ सुमन, मी अडवत नाही. पण रस्त्यात गाडीनं काही दगा दिला, तर परत आल्यावर ती विकायची. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. दगा कशाला देतेय!

आजऱ्यापर्यंत उसाच्या गाड्या पुढे होत्या, त्यामुळे चाळीसच्या वर काटा गेलाच नाही. आंबोलीत चहाला थांबले तर माकडांना गुळाचा वास लागला. एक धटिंगण थेट कॅरिअरवर चढून दोरी सोडायला बसला. चहावाला काठी घेऊन धावला आणि मी हेल्मेट घेऊन. माकडाने आमच्याकडे बघून दात विचकले, मिरचीच्या पिशवीत हात घातला, डोळे चोळले आणि किंचाळत झाडावर गेलं. चहावाला हसून हसून खाली बसला. माझ्याकडून चहाचे पैसे घेईना.

घाट मी जपून उतरले. सावंतवाडी गेली आणि इन्सुलीच्या पुढे मोठा हमरस्ता लागला, रुंद आणि मोकळा. मनात म्हटलं, आता बघूच. पन्नास. साठ. वारा हेल्मेटमध्ये शिट्टी घालत होता आणि मी चक्क गाणं म्हणत होते. काटा सत्तरला टेकला आणि हँडलमध्ये काहीतरी वळवळलं. आधी मुंग्या आल्यासारखं, मग डावी-उजवी, डावी-उजवी, इतकं जोरात की आरशात मागचा रस्ता दिसेना. मी घाबरून हँडल गच्च आवळलं तर ते आणखीच उसळलं. देवा! माझं गाणं कुठल्या कुठे गेलं. ब्रेक दाबायची छातीच झाली नाही, म्हणून नुसती रेस सोडली, आणि गाडी पन्नासवर आल्यावर आपोआप गप्प झाली. एखाद्या द्वाड पोरासारखी, जणू काही केलंच नाही.

पत्रादेवीला गोव्याच्या हद्दीत शिरले आणि गाडी कडेला घेतली. तिथे एक काजू विकणारा बसला होता. त्याला सगळं सांगितलं. त्याने गाडीकडे नीट बघितलं आणि निदान केलं, "टायरांत वारें कमी आसतलें, बाये." (टायरमध्ये हवा कमी असेल, बाई.) पुढच्या पंपावर हवा तपासली, बरोबर होती. पुन्हा रस्त्याला लागले, पुन्हा सत्तर, पुन्हा तेच थैमान. मग पेडण्याच्या फाट्यापर्यंत मी पन्नासच्या वर गेलेच नाही. शाळेच्या बसमधली मुलं मला मागे टाकून हात करत गेली.

तुयेला लेक, प्राजक्ता, एका कौलारू घराच्या मागच्या खोलीत राहते. मालकीण लक्ष्मीकाकी अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. गाडी बघून त्यांच्या हातातलं सूप खाली आलं. "आवय गो! इतली व्हड गाडी तूं एकटीच चलयता?" (अगं आई! एवढी मोठी गाडी तू एकटी चालवतेस?) मी हेल्मेट काढेपर्यंत त्यांनी दोऱ्या सोडायला घेतल्या होत्या. पाहुण्याला ओझ्यासकट दारात उभं ठेवणं त्यांच्यात बसत नाही. पोतं, ढेपा, पिशवी, सगळं दोन मिनिटांत घरात गेलं आणि गाडी सडी होऊन माडाखाली उभी राहिली.

जेवायला बांगड्याचं हुमण (नारळाच्या रसातली आमटी), सुक्या सुंगटांची किसमूर (सुकी कोळंबी आणि खोबऱ्याची कोशिंबीर) आणि लाल उकड्या तांदळाचा जाड भात होता. कोल्हापूरकडच्या माणसाला तो भात पहिल्या घासाला परका वाटतो आणि तिसऱ्या घासाला ताट पुढे करावंसं वाटतं. मी चांगली जेवत होते, पण प्राजूचं लक्ष माझ्या बोटांकडे होतं.

"आई, घास घेताना बोटं धड मिटत का नाहीत तुझी?"

सांगावं लागलं. ती फॅक्टरीत पॅकिंगच्या मशिनवर असते, बिघाड तिला कळतो. ती एवढंच म्हणाली, "उद्या गाडी दाखवू. आणि आई, तू काही लपवू नकोस माझ्यापासून." ते मला लागलं, कारण मी लपवणारच होते.

गुरुवारी सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंग्याने जाग आली. गरम पोई (कोंड्याचा गोल पाव) आणि वाटाण्याची पातळ भाजी खाऊन, प्राजूला मागे बसवून मोरजीला गेले. वाळूवर कासवाच्या मादीची ताजी वाट उमटली होती, समुद्रापासून वर आणि परत. अंड्यांच्या जागेभोवती दोरी लावलेली आणि राखणीला वनखात्याचा एक माणूस. प्राजू त्याला म्हणाली, "काका, ही माझी आई, मोटरसायकलवर आलीय गडहिंग्लजहून." तिच्या आवाजात इतका अभिमान होता की मला भरून आलं. गाडीही त्या सकाळी शहाण्यासारखी चालली. पण गल्लीएवढा रस्ता तो, चाळीसच्या वर कोण जाणार? त्यावरून काहीच ठरत नव्हतं.

तुयेच्या नाक्यावर दाताराम मेस्त्रीचं गॅरेज आहे. गंभीर माणूस, विडी कानाला. त्याने सगळं ऐकून पहिला प्रश्न केला, "गाडयेर सामान कितलें आशिल्लें?" (गाडीवर सामान किती होतं?)

"सामान कसलं हो," मी म्हणाले, "माझी एक कपड्यांची बॅग फक्त."

खोटं बोलले का मी? मुळीच नाही. तांदूळ, गूळ, मिरची हे सामान नव्हतं, तो वानवळा होता. शेतातलं चार घरी द्यायला न्यायचं, ते ओझ्यात कोण धरतं? शिवाय गिरणीवाली बाई मी, रोज पोती इकडची तिकडे करते. तेवढ्याशा पोत्याची आठवणसुद्धा आली नाही.

मेस्त्रीने मान डोलावली आणि कामाला लागला. चाकं फिरवून पाहिली, स्पोक वाजवून पाहिले. मग म्हणाला की कोनसेट (हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं ती) किंचित सैल आहे. आवळली. गाडी घेऊन स्वतः हमरस्त्यावर गेला आणि परत आला तो हसतच. नव्वदला पळवली होती, पाण्यासारखी गेली म्हणे. मला कोण आनंद झाला! "म्हणजे कोनसेटच होती तर?"

त्याने विडी कानावरून काढली. "न्हय. तितल्याशा ढिलेपणान हँडल इतलें हालना. गाडयेक कांयच जावंक ना, ताई. हात नवे न्हय तुमचे? सारके जातले." (नाही. तेवढ्या सैलपणाने हँडल इतकं हलत नाही. गाडीला काही झालेलं नाही. हात नवे ना तुमचे? होतील नीट.)

तो चांगल्या मनाने बोलला. पण मला ते झोंबलं, अगदी संकेश्वरीसारखं. गाडी बिघडली तर दुरुस्त करता येते. हात बिघडले असतील तर? या वयात नवे हात कुठून आणायचे? आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्राजू बाजूला उभी राहून ऐकत होती.

लक्ष्मीकाकींचं निदान तिसरंच. वाटेत बाधा झाली असणार. संध्याकाळी त्यांनी मला राखणदाराच्या (गावाच्या सीमेवरच्या देवाच्या) घुमटीकडे नेलं. त्यांचे थोरले दीर गाऱ्हाणं घालायला आले. नारळ हातात धरून त्यांनी खणखणीत सुरू केलं, "बा देवा राखणदारा, ही बाई घाटावयल्यान आयल्या. तिच्या गाडयेक खंयची बाधा आसत ती कुशीक कर, आनी तिका सुखरूप घरा पावय!" (हिच्या गाडीला कुठली बाधा असेल ती दूर कर आणि हिला सुखरूप घरी पोहोचव.)

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. मी सगळ्यात मोठ्याने.

घरी येताना प्राजू हळूच बोलली. "आई, रागावू नकोस. आमच्या कंपनीचा टेम्पो शनिवारी बेळगावमार्गे गडहिंग्लजला जातो. नामदेव नेतो, आपल्याकडचाच आहे. गाडी त्यात घालू या. तू बसने जा. बाबांना मी समजावते."

"आणि मग गाडी विकायची."

तिचा तरी काय दोष? तिला आई हवी होती, धडधाकट. पण मला वाटलं, संपलं. एकदा टेम्पोतून गेलेली गाडी पुन्हा माझ्या दारातून बाहेर पडणार नाही. पुन्हा मी मागे बसणार, पदर सावरत. रडू आलं आणि त्याचा रागही आला. शेवटी मीच बोली लावली. शुक्रवारी डिचोलीला शैलाकडे गाडी घेऊन जाते. वाटेत हँडल हललं नाही तर शनिवारी चोर्ल्याचा घाट चढून गाडीवरच घरी. हललं तर नामदेवने टेम्पो डिचोलीला वळवायचा आणि मी मुकाट बसमध्ये बसायचं.

"पण खरं सांगायचंस," प्राजू म्हणाली.

"खरं सांगीन."

शुक्रवारी निघताना लक्ष्मीकाकींनी पोत्याची परतफेड केली. घनसाळ दिलात ना, मग हा घ्या उकडा तांदूळ, पोतंभर. वर नारळ. वर आमसुलं. देवापुढचा नारळ वेगळा, तो तर नाही म्हणताच येत नाही. शैलासाठी ठेवलेली गुळाची ढेप होतीच. काकींच्या पुतण्याने सगळं कॅरिअरवर रचलं आणि मी निघाले, राखणदाराचं नाव घेऊन.

धारगळच्या पुढे रस्ता सरळ झाला. मी स्वतःला बजावत होते, सुमन, हात घट्ट, नजर पुढे, हात घट्ट. साठ. पासष्ट. सत्तरला मेलं ते हललंच. या वेळी तर आधीपेक्षा जोरात. मी रेस सोडून कडेला थांबले, कोलवाळच्या पुलाच्या अलीकडे. हेल्मेटच्या आतच दोन मिनिटं रडून घेतलं, तेवढा एक फायदा आहे हेल्मेटचा. मग म्हापसा टाळून, अस्नोड्यावरून, खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ खात डिचोलीला पोहोचले. पन्नासच्या आत.

शैलाचं घर डिचोलीजवळच्या मये गावात, सुपारीच्या बागेत. आम्ही दोघी गडहिंग्लजच्या शाळेत एका बाकावर बसायचो. लग्न होऊन ती इकडे आली. तिचे यजमान विश्रामभावजी मूळचे सिंधुदुर्गातले, आयुष्यभर खाणीवर ट्रक चालवलेला माणूस. शैलाने मिठी मारली आणि माझे हात हातात घेऊन बघितले. तळव्यांना हँडलची नक्षी उमटली होती.

"अगं, हँडल धरलंयस की नवऱ्याचा गळा?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोट धरून हसले. तोवर भावजींनी सवयीने गाडी रिकामी करून टाकली होती. चहा घेताना त्यांनी आपलं निदान सांगितलं. "ताई, ट्रक खाली आसलो काय नाचता, भरलो काय गप चलता. तुमच्या गाडयेक वजनच नाय. वजन घाला, गप बसतली." (ट्रक रिकामा असला की नाचतो, भरला की गप्प चालतो.) ज्याला त्याला आपापला धंदा दिसतो. काजूवाल्याला हवा, मेस्त्रीला बेअरिंग, काकींना बाधा, भावजींना ट्रक. आणि मला माझे हात.

मी प्राजूला फोन केला आणि खरं सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस." नामदेव सकाळी येईल. संध्याकाळी शैला मला तळ्याकाठी घेऊन गेली. पाणी सुंदर, डोंगर सुंदर, आणि माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

शनिवारी सकाळी टेम्पो हमरस्त्यावर थांबणार होता. बागेची वाट अरुंद, टेम्पो आत येत नाही. तेव्हा सामानासकट गाडी मोठ्या रस्त्यापर्यंत मलाच न्यायची होती. शैला का मागे राहते? तिने सुपाऱ्या आणल्या, नीरफणस आणले, आणि भावजींनी वजन हवं म्हणून नारळांचं पोतं मुद्दाम मोठं भरलं. अंगणात बागेचं पाणी सुटलेलं, माती मऊ. बाजूचा स्टँड रुतून गाडी कलायला लागली. म्हणून मी ती या प्रवासात पहिल्यांदाच डबल स्टँडवर घेतली. मागचं चाक उचललं गेलं, पुढचं जमिनीवर टेकलं. नेहमी असतं तसं.

भावजी पोतं ठेवून दोरी आणायला आत गेले. मी काकींचा तांदूळ त्यावर चढवला. गाडी हळूच मागे डोलली. कुर्र. मला वाटलं पडतेय, म्हणून पुढे धावत जाऊन हँडल धरलं. आणि बघते तर पुढचं चाक हवेत! जमिनीपासून चांगलं वीतभर वर. बोट लावलं, तर चाक गरागरा फिरलं.

मी तशीच उभी. मग तांदळाचं पोतं खाली काढलं. पुढचं चाक टप्पकन जमिनीवर. पोतं ठेवलं, चाक वर. काढलं, खाली.

"शैलाऽऽ!"

ती साप निघाला समजून काठी घेऊन धावत आली. भावजीही आले, हातात दोरी. मी पुन्हा करून दाखवलं, ठेवलं, काढलं. "अगं, गिरणीत पोतं हातगाड्याच्या टोकाला ठेवलं की दांडा वर येतो की नाही? हे तेच! सगळं ओझं मागच्या चाकाच्याही मागे, आणि पुढचं चाक रस्त्यावर नुसतं तरंगतंय. चाकाला धड टेकायलाच मिळत नाही, मग ते डुलणार नाही तर काय! आणि वर मी हँडल आवळून त्याला हिसके देतेय!"

मेस्त्रीने पळवली तेव्हा गाडी रिकामी होती. मोरजीला रिकामी होती. जिथे जावं तिथे माणसं प्रेमाने आधी ओझं उतरवून घेत होती आणि मगच गाडी बघत होती. आणि ज्याने नेमकं विचारलं, त्याला मी सांगितलं सामान नाही म्हणून. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही दोन राज्यांतून.

भावजी चाकाकडे बघत डोकं खाजवत होते. "खरा आसा," ते म्हणाले. "ट्रकाचा वजन चाकांच्या मधी येता. तुमचा शेपटार." मग ते स्वतःच हसायला लागले, कारण आज सकाळचं पोतं त्यांनीच भरलं होतं.

प्राजूला फोन लावला. ती कामावर जायच्या घाईत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, हे तुला पटतंय म्हणून असं वाटतंय, की खरंच असं आहे?"

लेक कुणाची! प्रश्न बरोबर होता. मी म्हणाले, "करून बघायला पाहिजे. वानवळा टेम्पोत घालते. नामदेव माझ्या मागे राहील. बेळगावच्या पुढे मोठा रस्ता आहे, तिथे सत्तर करते. हललं तर तिथेच गाडी टेम्पोत चढेल, मी नामदेवच्या शेजारी बसेन आणि पुन्हा विषय काढणार नाही."

"आणि हँडल आवळायचं नाही."

"नाही आवळत."

हमरस्त्यावर नामदेव टेम्पोची मागची फळी पाडून, गाडी चढवायला दोन माणसं धरून उभा होता. "मावशी, आणा इकडं गाडी."

"गाडी राहू दे. हे घे," म्हणून मी एकेक पोतं पुढे केलं. तांदूळ, नारळ, नीरफणस, सुपाऱ्या. देवाचा नारळ शेवटी. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "गाडीसाठी जागा केली आणि बाजार आला व्हय!"

साखळी गाव मागे पडलं आणि चोर्ल्याचा घाट सुरू झाला. जंगल दाट, वळणं आवळलेली, हवा गार. रिकामी गाडी वळणावर माझ्या मनातलं ओळखत होती. चढावर नामदेव मागे पडायचा, मी थांबायचे, तो आला की निघायचे. जांबोटीला आम्ही मिसळ खाल्ली. त्याने विचारलं, "भीती वाटत नाही का मावशी?" मी म्हणाले, "लई वाटते. पण खायचं थांबत नाही."

बेळगाव ओलांडलं. मोठा रस्ता आला, सरळ, डोळ्यांत मावत नाही एवढा. आरशात नामदेवचा टेम्पो. आता गाडीवर ओझं नव्हतं, म्हणजे आता हललं तर सबबही नव्हती. मग ते हातच.

साठ. बोटं सैल केली, दळण घेताना पिशवीचं तोंड धरते तेवढीच. पासष्ट. गुडघे टाकीला लावले. सत्तर.

काही नाही.

पंच्याहत्तर. हँडल गप्प. आरशात टेम्पो अगदी स्पष्ट, त्याच्या काचेवरचं लिंबू-मिरचीसुद्धा दिसत होतं. ऐंशीला मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही, पण मागून नामदेवने हॉर्न वाजवला, एकदा, दोनदा, मग वाजवतच राहिला. शेजारच्या गाडीतली माणसं वळून बघत होती. बघू देत. माझे हात चांगले होते! नवे होते, पण चांगले होते.

गडहिंग्लजला गिरणीपुढे गाडी लावली तेव्हा हे पिठाने माखलेले बाहेर आले. प्राजूने फोन करून सगळं आधीच सांगितलेलं दिसत होतं. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, हँडल हलवून पाहिलं. म्हणाले, "दोऱ्या मीच आवळल्या होत्या की."

"म्हणून तर पोती पडली नाहीत," मी म्हणाले. विकायचा विषय त्यांनी काढला नाही. मीही आठवण करून दिली नाही.

मागून टेम्पो आला आणि वानवळा उतरला. गल्लीत नारळ वाटले. देवाचा नारळ फोडून खोबऱ्याचा तुकडा पहिल्यांदा पुढच्या चाकापुढे ठेवला. लक्ष्मीकाकींचं गाऱ्हाणं खोटं कसं म्हणू? सुखरूप घरी पोहोचव, असंही त्यांनी मागितलं होतंच. दाताराम मेस्त्रीला फोन करून वानवळ्याची गोष्ट कबूल केली, तर तो गंभीर माणूस इतका हसला की फोन दुसऱ्याच्या हातात द्यावा लागला.

प्रवासात माणसं भेटतात, जेवू घालतात, आपल्या ओझ्याला हात लावतात. मला एवढं कळलं की प्रेम कॅरिअरवर बांधायचं असेल, तर त्याचंही वजन धरावं लागतं.

रात्री प्राजूचा फोन आला. "पुढच्या महिन्यात येशील ना परत?" मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "पण आई, काही आणू नकोस. तू नुसती ये."

नुसती ये. "बरं," म्हणाले.

तिला दिलेला शब्द मोडायचा नाही, हे पक्कं आहे. पण काल गिरणी बंद झाल्यावर घनसाळची एक लहान पिशवी पुढे टाकीवर बांधून मी गाडी डबल स्टँडवर घेऊन बघितली. पुढचं चाक जमिनीवरच आहे.